विनाचालक गाडीला हात दाखवताना

पुण्याहून निघाले तेव्हा माझ्या पाठपिशवीत दोन गाड्या होत्या. दोन्ही कागदावरच्या. पहिली रस्त्यात बसवलेल्या रुळांवरून, वरच्या तारेतून वीज घेत, दोन-तीन डबे आणि एक डायव्हर घेऊन चालणारी. आमच्या व्यवसायात तिला लाइट रेल म्हणतात. वयस्कर माणसांना मी 'ट्राम समजा' एवढं सांगून मोकळी होते. दुसरी खांबांवरून किंवा दोन्ही बाजूंना जाळी असलेल्या स्वतंत्र मार्गावरून धावणारी. तिच्यात डायव्हरच नसतो. दूर कुठेतरी बसलेला कॉम्प्युटर तिला सोडतो, थांबवतो, दारं उघडतो, मिटतो. या दोघींपैकी बरी कोणती, या प्रश्नापायी मी जानेवारीत तीन दिवस धाराशिव जिल्ह्यात हिंडून आले.

हसायचं असेल तर हसून घ्या. माझी धाकटी बहीणही हसली. "आधी आपल्या चौकातला सिग्नल चालू कर, मग जा धाराशिवला डायव्हर नसलेली ट्रेन न्यायला," म्हणाली. पण तुळजापूरला आता रेल्वे येऊ घातली आहे, देवीच्या दर्शनाला वर्षभर माणसं लोटतात, आणि तुळजापूर, धाराशिव, तेर अशी एक स्थानिक गाडी पुढेमागे करता येईल का, याचा प्राथमिक अभ्यास आमच्या छोट्याशा सल्लागार कचेरीकडे आला होता. असले अभ्यास बहुतेक करून कपाटात जाऊन बसतात, हे मलाही ठाऊक आहे. पण एखादा बसत नाही, आणि कोणता बसणार नाही हे लिहिताना कळत नाही.

खरं तर अहवाल जवळजवळ तयार होता. लोकांना काय हवंय हे विचारायला कचेरीतल्या दोन मुली टॅब घेऊन तिकडे आधीच फिरून आल्या होत्या. प्रश्नावली माझी. साहेबांच्या मसुद्यात 'ड्रायव्हरलेस ट्रेन' असं होतं. मी ते खोडून 'विनाचालक गाडी' केलं, आणि मराठीत धडधाकट शब्द असताना ही उसनवारी कशाला, असं वर सुनावलंही. भाषेच्या बाबतीत मी थोडी तिखट आहे. 'आपल्याला विनाचालक गाडी हवी आहे का?' हे वाक्य वाचून मला स्वतःचाच अभिमान वाटला होता.

उत्तरं आली ती मोठी झकास. तुळजापूर आणि धाराशिव गावांतून बहुतेक सगळे 'हो' म्हणाले. वाटेवरच्या खेड्यांतून 'नाही'. धाराशिवच्या रस्त्यावरच्या माळवस्तीत तर एकजात 'नाही'. साहेब खूश झाले. शहरांना नवं तंत्रज्ञान हवंय, खेडी बिचकतात, हे असंच असतं, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि डायव्हर नसलेल्या गाडीची शिफारस पक्की केली. त्या शिफारशीखाली मी एक वाक्य जोडलं होतं : 'या मार्गावरील साध्या बसफेऱ्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील.' असली वाक्यं आमच्या हातून सवयीने लिहिली जातात. सोमवारी अहवालावर माझी सही व्हायची होती. त्याआधी रस्त्याची रुंदी एकदा डोळ्यांनी बघून येते, असं सांगून मी निघाले. मनात मात्र माळवस्ती होती. अख्ख्या वस्तीने एका सुरात नाही म्हणावं असं त्या गाडीत काय होतं, ते मला कळेना.

सोलापूरपर्यंत रेल्वे आणि तिथून तुळजापूरची साधी लाल एसटी. मी डायव्हरच्या मागची जागा धरली आणि वही उघडली. सोलापूर मागे पडलं तसा दोन्ही बाजूंना ज्वारीचा हिरवा पट्टा सुरू झाला. कणसं नुकती भरत आली होती आणि वारा असा, की अख्खं रान एका बाजूला झुकून उभं होतं. गाडी अर्थातच जागोजागी थांबत होती. फाट्यावर थांबली, मळ्यापाशी थांबली, शेळ्या आडव्या गेल्या म्हणून थांबली, आणि एका आजोबांनी नुसतीच काठी वर केली म्हणूनही थांबली. आजोबांना यायचं नव्हतं. आत कोणी ओळखीचं आहे का, एवढंच बघायचं होतं. मी वहीत 'अनियोजित थांबे' असा रकाना आखला. घाट चढेपर्यंत तो रकाना भरून पुढच्या पानावर गेला आणि माझा जीव कासावीस झाला. मी मुळातच उतावळी, त्यातून पोटात सकाळपासून चहाखेरीज काही नाही.

घाटाच्या शेवटच्या वळणावर मागच्या बाकांवरून "आई राजा उदो उदो" असा गजर उठला आणि तुळजापूर दिसलं.

माझी उतरण्याची सोय एका पुजारी कुटुंबात केली होती. इथल्या पुजाऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले यजमान येतात, उतरतात, नैवेद्य करवून घेतात. त्यामुळे घरात पाहुणा ही काही विशेष गोष्ट नसते. पुजारीकाकांनी मला पाय धुवायला पाणी दिलं आणि काकूंनी बशीत सुशीला (भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे) वाढली. भुकेल्या पोटी त्या बशीभर चुरमुऱ्यांनी जो आनंद दिला तो मोठमोठ्या हॉटेलांत मिळालेला नाही. मग येसराची आमटी (भाजक्या डाळी-मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी) आणि कडक भाकरी. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं तसं काकूंनी न विचारता तुपाची वाटी पुढे सरकवली.

"तुमच्या गाडीला आपला पाठिंबा हाय बरं का," काका जेवताना म्हणाले. "त्या पोरी इचारायला आल्या, म्या लगेच व्हय म्हणून सांगितलं. विनाचालक पायजेच. लई सोय व्हईल."

मला वाटलं, वा! साठीचा माणूस आणि केवढी ही आधुनिक दृष्टी. मी वहीत तसं लिहूनही घेतलं.

स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटणारी एक चाळिशीची बाई हात धुऊन, पदर खोचून लगबगीने निघाली. तिचं नाव रंजना. सणावाराला, मंगळवारी, शुक्रवारी आणि गर्दीच्या दिवसांत नैवेद्याचा सगळा स्वयंपाक तिच्या हातचा. "बसा की जरा," मी म्हणाले, तर काकू हसल्या. "तिला कुठं बसायला सांगता! गाडी चुकली तर माळवस्तीपतूर चालत जावं लागंल."

माळवस्ती! मी उठून उभीच राहिले. तिला म्हटलं, मी उद्या तुमच्याच वस्तीवर येणार आहे.

"मग या की सकाळी. उद्या मला सुट्टीच हाय. हुरडा भाजू," रंजना म्हणाली. "पर गाडी बघून बसा ताई. समद्याच गाड्या आमच्यात थांबत न्हाईत."

मी मान हलवली. वाहतूक हा माझा व्यवसाय. गाडीत कसं बसायचं हे मला एका स्वयंपाकीणबाईंनी शिकवावं, याची थोडी गंमतही वाटली. ही गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी फिटली.

सकाळी स्टँडवर धाराशिवची गाडी अगदी निघायच्या बेतात दिसली. खिडकीवर तिकीट काढलं, धावत जाऊन बसले, जागाही मिळाली. गाडी छान पळत होती. थोड्या वेळाने डाव्या हाताला लिंबाचं झाड, झाडाखाली 'विनंती थांबा' अशी पत्र्याची पाटी आणि पाटीखाली हिरव्या लुगड्यातली रंजना दिसली. तिने हात वर केला. मीही खिडकीतून हात वर केला. गाडी ढिम्म थांबली नाही. मी ओरडले, "अहो, मला इथे उतरायचंय!" डायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"बोर्ड वाचला न्हाय का मॅडम? विनावाहक, विनाथांबा हाय ही."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. काही एसटी गाड्यांत कंडक्टर म्हणजे वाहक नसतो. तिकीट स्टँडवरच काढायचं, आणि मधे कुठेही चढउतार नाही. समोर काचेवर तशी मोठी पाटी असते. मी ती वाचली नव्हती. मागे वळून पाहिलं तर रंजना अजून हात वर करून उभी होती आणि मला वाटतं ती हसत होती.

निमूटपणे धाराशिवला उतरले. आलेच आहे तर, म्हणून स्टँडजवळच्या दुकानात गुलाबजाम खाल्ले. या जिल्ह्याच्या खव्याची ख्याती मी ऐकून होते. ती खोटी नाही. बाहेरून काळसर, आत दाणेदार, आणि पाक इतकाच की खव्याची चव मरू नये. दोन खाल्ले. मग अपमान जरा जास्तच वाटत असल्याने तिसराही घेतला. नंतर गावातल्या मुख्य रस्त्याची रुंदी फीत लावून मोजली. लाइट रेल इथे बसवायची तर रूळ रस्त्यातच पुरायचे, भाजीच्या गाड्या आणि रिक्षा त्यावरूनच जाणार, आणि गाडीच्या डायव्हरला घंटी वाजवून वाट काढावी लागणार. डायव्हर नसलेल्या गाडीला हे चालत नाही. तिला कुणी आडवं येता कामा नये. त्यासाठी खांब तरी हवेत, नाहीतर जाळी. खांबांखाली मात्र रस्ता आहे तसा राहतो. फीत गुंडाळताना मला दोन्ही बाजू सारख्याच पटत होत्या.

परत येताना पाटी दोनदा वाचून साध्या गाडीत बसले. लिंबाच्या झाडापाशी उतरले तेव्हा रंजना शेतातून धावत आली. मागून तिच्या सासूबाई.

"म्या सांगितलं व्हतं न्हवं?" रंजनाला हसू आवरेना. "कशा हात दाखवीत गेलाव खिडकीतनं!"

बांधावर आगटी पेटवून त्यांनी कणसं भाजली. सासूबाईंनी हातावर चोळून दाणे मोकळे केले, रंजनाने शेंगाची चटणी आणि गूळ पुढे ठेवला. कोवळा, गरम, दुधाळ हुरडा आणि तिखटजाळ चटणी. वारा इतका सुटला होता की सासूबाईंनी स्वतःचा रुमाल मला डोक्याला बांधायला लावला. अशा थाटात मी माझ्या कामाला हात घातला. विचारलं, "रंजनाताई, तुमच्या वस्तीने त्या गाडीला नाही का म्हटलं?"

"म्हणजे काय? सकाळी बघितलं की तुमी. ती आमच्यात थांबती का?"

"सकाळची गाडी वेगळी. मी आमच्या मुलींनी विचारलेल्या गाडीचं म्हणतेय."

"तीच की. विना... विनाचालक."

"सकाळची विनावाहक होती."

"तेच ते."

"तेच कसं? वाहक म्हणजे कंडक्टर. चालक म्हणजे डायव्हर. आम्ही विचारत होतो ती गाडी डायव्हरशिवाय चालणारी."

रंजनाने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी कणीस खाली ठेवलं. "डायव्हर बिगर गाडी कशी चालंल बाई?" त्या माझी समजूत घालत म्हणाल्या. "उतारावर ढकलून दिल्यावानी व्हईल ती."

तिथे बांधावरच मला सगळं उमगलं. या मुलखात कंडक्टरला कंडक्टर म्हणतात आणि डायव्हरला डायव्हर. चालक आणि वाहक हे शब्द कुणी तोंडाने उच्चारत नाही. 'विना' हा शब्द लोकांच्या वाचनात येतो तो एकाच ठिकाणी, त्या न थांबणाऱ्या गाडीच्या पाटीवर. माझ्या शुद्ध, धडधाकट प्रश्नाचा सगळ्यांनी मिळून एकच अर्थ लावला होता : मधे न थांबणारी बस पाहिजे का? शहरातल्यांना ती हवीच होती, कारण ती त्यांना झटकन पोचवते. खेड्यांना नकोच होती, कारण ती त्यांच्यासमोरून निघून जाते. तंत्रज्ञानाला कुणी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. माझी सगळी पाहणी फुकट गेली होती आणि ती मीच, त्या एका शब्दाने, घालवली होती.

खरं सांगते, आधी हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. कारण पुढचा प्रश्न रंजनाने विचारला.

"ताई, नवी कसलीबी येऊ द्या. पर साध्या गाड्या बंद व्हणार का? लोक तसंच म्हणायलेत." तिने सांगितलं ते असं. वस्तीवरच्या तीन बायका तुळजापुरात कामाला जातात. सकाळी पुरण शिजायच्या आत तिला काकूंच्या चुलीपाशी हजर व्हावं लागतं. नवरा शेती बघतो, पण या कामाने तिचं स्वतःचं असं काहीतरी झालं आहे. तिच्या हातच्या पोळीचं नाव काढत यजमान लांबून येतात. "हितं हात केला की गाडी थांबती, म्हणून म्या हाय तिथं," ती म्हणाली. "न्हाय थांबली तर माझी चूल हितंच."

ते वाक्य माझ्या पिशवीतच होतं. टप्प्याटप्प्याने कमी करता येतील. मी सांगायला हवं होतं की ते मी लिहिलंय. त्याऐवजी कचेरीत वर्षानुवर्षं देते ते उत्तर दिलं : "अजून काही ठरलेलं नाही."

"मग बरं," रंजना म्हणाली, आणि तिने माझ्या हातात आणखी मूठभर हुरडा ठेवला. मला माझी लाज वाटत होती.

निघण्याआधी त्या दोघींना मी दोन्ही गाड्या कागदावर काढून दाखवल्या. डायव्हर नसलेल्या गाडीची जाळी पाहून सासूबाईंनी पहिला प्रश्न केला की विहीर पलीकडे आहे, शेळ्या कुठून न्यायच्या. नकाशात त्यासाठी भुयारी वाट होती, पण बरीच लांब. लाइट रेलचं चित्र मात्र त्यांना लगेच कळलं. "ही एसटीच हाय की रुळावरची," रंजना म्हणाली. आमच्या कचेरीत याच गोष्टीची व्याख्या करायला मला अर्धं पान लागलं होतं.

संध्याकाळी तुळजापूरला परतल्यावर पुजारीकाकांना धरलं. "काका, तुम्ही हो म्हणालात ती गाडी कोणती?"

"विनाथांबा. सोलापूरला मधी कुठं न थांबता जाणारी. मला म्हैन्यातनं दोनदा डोळ्याच्या डॉक्टरकडं जावं लागतंय."

सगळं समजावून सांगितलं तेव्हा काका चकित झाले आणि काकू खदाखदा हसल्या. काकांनी गंभीरपणे विचारलं, "मग दसऱ्याला गाडीला हार घातल्यावर पेढा कुणाला द्यायचा?" या मुद्द्यावर माझा अहवाल अर्थातच मूग गिळून बसला होता. पण जरा वेळाने त्यांनी जे सांगितलं ते मात्र मी लक्षपूर्वक ऐकलं. नवरात्रात आणि आश्विनातल्या पौर्णिमेला या गावात पाय ठेवायला जागा नसते. गाडी भरून आली की पुढची कधी येईल याचा भरवसा नाही. लेकरं कडेवर घेऊन बायका उन्हात उभ्या असतात. "अशा टायमाला दोन-दोन मिनिटाला येणारी असली तर मला डायव्हर असो का नसो, काय फिकीर न्हाय," काका म्हणाले. त्यांचं म्हणणं खरं होतं. डायव्हर नसलेल्या गाडीचा तोच मोठा गुण. गर्दी वाढली की गाड्या वाढवता येतात, त्यासाठी आणखी माणसांच्या पाळ्या लावाव्या लागत नाहीत. लाइट रेलला रस्त्यावरच्या गर्दीतून स्वतःच वाट काढायची असते, त्यामुळे ती अशा दिवशी अडकून पडेल.

तिसऱ्या दिवशी तेरला गेले. पाटी वाचून बसले, हे सांगायला नको. तेरणाकाठचं हे गाव आता शेतीवाडीत रमलेलं, पण एके काळी इथून गाड्या भरभरून माल लांबच्या बंदरांकडे जायचा आणि तिथून समुद्रापार. संग्रहालयातले शंखाचे मणी आणि हस्तिदंताचं नाजूक काम बघताना माझ्या मनात आलं ते धंद्याचंच : त्या बैलगाड्यांचे थांबे कोणी ठरवले असतील? विटांचं जुनं देऊळ बघितलं. तिथल्या विटा एवढ्या हलक्या की पाण्यावर तरंगतात, असं तिथला एक माणूस म्हणाला. मी करून बघितलं नाही, पण त्याच्यावर विश्वास ठेवायला आवडलं.

परतीची गाडी सुटायला वेळ होता. स्टँडवर चहा पिताना तिचे डायव्हर शेषेरावमामा शेजारी येऊन बसले; निवृत्तीला टेकलेले, मिशा पांढऱ्या. मी ठरवलं होतं की आता यांच्याकडून डायव्हर नसलेल्या गाडीला खणखणीत शिव्या ऐकायच्या. या वेळी प्रश्न साध्या बोलीत टाकला. "मामा, डायव्हरच नाही अशी रेल्वे आली तर?"

"आपली आपण चालणारी? बघितलीय की म्या फोनवर," ते म्हणाले. "लई चांगली. आणा."

"पण मामा, तुमच्यासारख्यांचं काम जाईल."

"म्या तर घरी चाललाव. पर खरं सांगू का मॅडम? घाटात उतारावर समोरून ट्रक यायला लागला की अजून पोटात धस्स व्हतंय. पन्नास माणसांचा जिम्मा असतोय. मशीनला भ्या न्हाय आन झोप न्हाय." त्यांनी चहाचा घोट घेतला आणि विचार करून पुढे म्हणाले, "फकस्त एक. सकाळच्या पारी म्या निघतो तवा कुठं कोण चढणार ते मला ठाव असतंय. एखादं दिसलं न्हाय तर जरा हळू करतो. तेवढं त्या मशीनला कसं सांगणार?"

"सांगता येत नाही," मी म्हणाले. "तिच्यात फक्त ठरलेली स्टेशनं भरता येतात."

"मग त्यात समदी भरा," शेषेरावमामा म्हणाले आणि गाडीकडे निघाले.

त्या गाडीत मी पुन्हा त्यांच्या मागे बसले. वही उघडली नाही. मामा थांबत गेले, मी बघत गेले. एका वळणावर त्यांनी खरोखरच वेग कमी केला, रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, हॉर्न दिला, आणि पायवाटेने एक बाई दप्तराएवढी पिशवी सावरत पळत आली. मला तीन दिवसांत पहिल्यांदाच कसलीही घाई वाटत नव्हती.

सोमवारी पुण्यात साहेबांसमोर सगळं मांडलं. प्रश्नावली चुकली, माझ्या शब्दाने चुकली, सगळ्या उत्तरांवर काट मारा. साहेब म्हणाले की मुदत उलटेल, आणि चूक कोणाची हे वर कळवावं लागेल. मी म्हटलं, कळवा. पुन्हा विचारताना 'डायव्हर नसलेली' असंच विचारायचं, हे मी स्वतःच्या हाताने लिहून दिलं; माझ्या आयुष्यातली ती एक शरणचिठ्ठीच म्हणा.

"पण तुमचं मत काय झालं? कोणती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की जत्रेच्या गर्दीला डायव्हर नसलेली गाडी तोडीस तोड आहे, आणि वर्षाच्या बाकीच्या दिवसांना रुळावरची एसटी. दोन्ही शेजारी शेजारी मांडू, खरं खरं लिहू, आणि लोक काय म्हणतात ते आधी कळू दे. त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण मान्य झालं.

"आणि हे वाक्य काढा," मी अहवालाचं पान उलटून म्हटलं. "बसफेऱ्या कमी करण्याचं."

त्यांनी ते वाचलं. "हे तर दोन्ही पर्यायांत बसतं. शिवाय यावर तिकडून एकही हरकत आलेली नाही."

"तिकडे कुणी वाचलेलंच नाही ते."

"मग हरकत कोणाची आहे?"

"माझी," मी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पेन उघडलं आणि त्या वाक्यावर सरळ रेघ ओढली. मी धाराशिव जिल्ह्यात तीन दिवस फिरून त्या अहवालात काही भर घातली नाही. एक ओळ तेवढी कमी केली. गाडी कोणती येईल, कधी येईल, येईल की नाही, मला माहीत नाही. रंजनाला तर ती ओळ होती हेही माहीत नाही, आणि उद्या सकाळी ती वेळेवर चुलीपाशी पोचेल.